नियम बदलण्याचा नियम

शहरातील जमिनीची मालकी खाजगी असू शकते, परंतु त्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या इमारतीचे परिणाम खाजगी राहत नाहीत. ती शेजारच्या खिडकीतला उजेड अडवते, तिच्यातील माणसे सर्वांच्या रस्त्यावर उतरतात, सर्वांच्या जलवाहिनीतून पाणी घेतात आणि सर्वांच्या मलवाहिनीत सांडपाणी सोडतात. म्हणूनच कोणत्या भूखंडाचा वापर कशासाठी व्हावा, त्यावर किती बांधकाम व्हावे आणि इमारतीभोवती किती जागा मोकळी राहावी, हे ठरवण्याचा अधिकार आधुनिक शहराने स्वतःकडे घेतला. हा अधिकार दोन दस्तऐवजांतून वापरला जातो. विकास आराखडा हा नकाशा असतो. त्यात शहराचे निवासी, व्यापारी, औद्योगिक आणि ना-विकास असे विभाग पाडलेले असतात आणि शाळा, उद्याने, रुग्णालये, रस्ते यांसाठी जागा आरक्षित केलेल्या असतात. विकास नियंत्रण नियमावली सांगते की त्या विभागांत प्रत्यक्षात काय, किती आणि कसे बांधता येईल. हे दोन्ही दस्तऐवज प्रसिद्ध होतात तेव्हा त्यांची चर्चा होते. प्रसिद्धीनंतर ते कसे बदलत जातात याची चर्चा फार थोडी होते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की शहराचे भवितव्य मूळ नियमांपेक्षा ते नियम बदलण्याच्या पद्धतीने अधिक ठरते, आणि मुंबईत हीच पद्धत सर्वांत दुबळी राहिली आहे. दोन दशकांनी होणारी फेररचना लोकांसमोर होते. मधल्या काळात तुकड्यातुकड्याने होणाऱ्या फेरबदलांची बेरीज मांडण्याचे बंधन मात्र कायद्याने कोणावरच घातलेले नाही.

या नियमांचा उगम पाहिला तर त्यांच्यामागचे कारण स्पष्ट दिसते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि तिने दाट, अंधाऱ्या, हवा न खेळणाऱ्या वस्त्यांचे भयंकर रूप उघडे केले. त्यातून १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास, म्हणजे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. या न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. खोलीच्या भिंतीच्या तळाशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिले असता दृष्टिरेषेचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक नसावा, असा त्याचा आशय. सोप्या शब्दांत, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त नसावी, म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा मिळेल. या नियमात एक गुण होता जो पुढच्या कित्येक नियमांत उरला नाही: तो वाचणाऱ्याला त्याचे कारण लगेच कळत असे, आणि तो मोडला गेला की नाही हे कोणालाही मोजून पाहता येत असे.

१९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने नियोजनबद्ध विस्ताराला कायद्याचे रूप दिले, १९५४ च्या अधिनियमाने स्थानिक संस्थांना विकास आराखडा तयार करणे बंधनकारक केले, आणि आजही लागू असलेला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये आला. बृहन्मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६७ मध्ये मंजूर झाला. याच काळात मुंबईच्या नियमांत चटईक्षेत्र निर्देशांक ही कल्पना रुजली. इमारतीच्या सर्व मजल्यांचे एकूण क्षेत्रफळ आणि भूखंडाचे क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर म्हणजे हा निर्देशांक; तो १.३३ असेल तर १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर सर्व मजले मिळून १,३३० चौरस मीटर बांधकाम करता येते. शहर बेटासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ हे १९९१ च्या नियमावलीतील मूळ आकडे मुंबईच्या बोलीत इतके मुरले आहेत की चटईक्षेत्र हा शब्द आता चाळीच्या गच्चीवरील सभेतही स्पष्टीकरणाशिवाय वापरला जातो. तथापि हा आकडा उंची, उजेड आणि गर्दी या तिन्हींचे नियमन एकाच वेळी करू पाहतो, आणि आकडा का ठरला हे त्या आकड्यावरून कळत नाही. कारण दिसेनासे झालेला नियम बदलणे फार सोपे असते, कारण तो बदलल्याने नेमके काय गमावले हे कोणालाच दाखवता येत नाही.

नियमांची रोजची अंमलबजावणी महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात होते. वास्तुविशारद मालकाच्या वतीने नकाशे सादर करतो. विभाग ते नियमावलीशी ताडून पाहतो आणि मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४६ खाली जो कागद देतो त्याचे नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसॲप्रूव्हल’, म्हणजे नामंजुरीची सूचना, असे आहे. ‘आयओडी’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा कागद व्यवहारात परवानगीचाच पहिला टप्पा असतो: ज्या अटी पूर्ण होईपर्यंत प्रस्ताव नामंजूर आहे त्यांची ती यादी असते. अटी पूर्ण झाल्या की काम सुरू करण्याचे प्रमाणपत्र आणि इमारत नकाशाप्रमाणे उभी राहिली की भोगवटा प्रमाणपत्र मिळते. या साखळीत १९९१ च्या नियमावलीने आयुक्तांना अडचणीच्या प्रकरणी सवलत देण्याचा विवेकाधिकार दिला होता. अरुंद, वेडावाकडा किंवा जुन्या बांधकामाने वेढलेला भूखंड असेल तर नियम शब्दशः लावणे अन्यायाचे ठरते, म्हणून असा अधिकार आवश्यकच असतो. परंतु सज्जे, फुलझाडांचे कठडे, पोकळ्या यांसारखे भाग चटईक्षेत्रात न मोजण्याची सवलत इतकी सर्रास झाली की कागदावरचा निर्देशांक आणि प्रत्यक्ष इमारत यांचा संबंध सुटत गेला. जानेवारी २०१२ मध्ये नियमावलीत सुधारणा होऊन हे भाग मोजणीत आले आणि त्याच्या बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के व व्यापारी आणि औद्योगिक इमारतींना २० टक्के जादा, म्हणजे ‘फंजिबल’, चटईक्षेत्र अधिमूल्य भरून मिळू लागले. एका अधिकाऱ्याच्या मर्जीवरील सवलत सर्वांना सारखी लागू होणाऱ्या नियमात बदलली, हा निःसंशय मोठा लाभ होता. पण त्याच सुधारणेने जादा बांधकामावर किंमत लावली, आणि या किमतीचा विचार पुढे करावा लागेल.

नियम बदलण्याचे कायदेशीर मार्ग तीन आहेत आणि त्यांची रुंदी अगदी असमान आहे. पहिला मार्ग १९६६ च्या अधिनियमातील कलम ३८ चा: आराखडा अमलात आल्यापासून वीस वर्षांत किमान एकदा त्याची सुधारणा व्हावी. यासाठी विद्यमान भूवापराचे सर्वेक्षण होते, मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती व सूचना मागवल्या जातात, आणि स्थायी समितीचे तीन सदस्य व नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ यांची नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते. मग सर्वसाधारण सभा आणि अखेर राज्य शासन मंजुरी देते. दुसरा मार्ग कलम ३७ चा. आराखड्याचे मूळ स्वरूप बदलत नसेल तर नियोजन प्राधिकरण, म्हणजे येथे महापालिका, राजपत्रात सूचना देऊन, एका महिन्यात हरकती मागवून फेरबदलाचा प्रस्ताव शासनाकडे पाठवू शकते. तिसरा मार्ग याच कलमाच्या पोटकलम (१अअ) चा: लोकहितासाठी तातडीने फेरबदल करणे आवश्यक आहे असे वाटल्यास राज्य शासन स्वतःच ही प्रक्रिया सुरू करू शकते. त्याखेरीज कलम १५४ खाली शासन प्राधिकरणाला निर्देश देऊ शकते. पहिल्या मार्गावर सगळे शहर हजर असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गावर राजपत्र वाचणारे, वृत्तपत्रातील बारीक टायपाची जाहीर सूचना शोधणारे आणि ज्यांचा थेट आर्थिक संबंध आहे असे मोजके लोकच असतात.

मुंबईत पहिला आराखडा १९६७ चा, दुसऱ्याची नियमावली १९९१ ची आणि तिसरी २०१८ ची. म्हणजे दोन्ही वेळा वीस वर्षांची मर्यादा ओलांडली गेली, एकदा चार वर्षांनी आणि एकदा सात वर्षांनी. रुंद दरवाजा इतका उशिरा उघडत असल्याने शहराचा खरा बदल अरुंद दरवाजांतूनच झाला. १९९१ च्या नियमावलीतील नियम ३३ हे याचे ठळक उदाहरण आहे. विशिष्ट प्रकारच्या प्रकल्पांना मूळ निर्देशांकाहून अधिक चटईक्षेत्र देणारा हा नियम. त्याची पोटकलमे, म्हणजे म्हाडाच्या (राज्य गृहनिर्माण प्राधिकरणाच्या) वसाहतींसाठी ३३(५), जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या) इमारतींसाठी ३३(७), समूह पुनर्विकासासाठी ३३(९) आणि झोपडपट्टी पुनर्वसनासाठी ३३(१०), वेळोवेळी वाढवली आणि बदलली गेली. समूह पुनर्विकासाला २००९ मध्ये ४ इतका निर्देशांक मिळाला. यांतील प्रत्येक तरतुदीमागे खरी गरज होती: कोसळणाऱ्या चाळी, पुनर्वसनाची वाट पाहणारी झोपडपट्टी, मोडकळीस आलेल्या वसाहती. परंतु शहर बेटात १.३३ हा अपवादाखेरीजचा नियम मानून १९९१ मध्ये जो आराखडा बेतला गेला, त्याच शहरात जुन्या वस्तीच्या पुनर्विकासासाठी अपवादच नियम झाला, आणि आराखड्यातील रस्ते व मैदाने मात्र जुन्या हिशेबाचीच राहिली.

फेरबदलाच्या काही शब्दांनी शहराचा केवढा भाग हलू शकतो हे गिरणगावाइतके स्पष्टपणे दुसरीकडे कुठेही दिसत नाही. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी या भागांतील कापड गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन नव्या वापराच्या प्रतीक्षेत राहिली. १९९१ च्या नियमावलीतील नियम ५८ ने तिच्यासाठी वाटणी ठरवली: जमीन विकसित करताना ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. या नियमात त्रुटी होती आणि ती प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. गिरणीची बांधकामे पाडली की वाटणी लागू होत असल्याने बहुतेक मालकांनी ती पाडलीच नाहीत. जमीन पडून राहिली आणि कामगारांची देणी थकली. या जमिनींचा एकत्रित विचार करण्यासाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ मध्ये समिती नेमली गेली, पण तिच्या सूचनांवर आधारलेला एकत्रित आराखडा अमलात आला नाही. त्याऐवजी २००१ मध्ये कलम ३७ खाली नियम ५८ बदलला गेला: वाटणी आता गिरणीच्या आवारात आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली, आणि बांधकाम पाडल्याने मोकळी होणारी जमीन तिच्यातून वगळली गेली. गिरण्यांचे आवार शेड, गोदामे आणि चिमण्यांनी भरलेले असल्याने सार्वजनिक वाट्याला येणारी जमीन अत्यंत घटली. या बदलाला जनहित याचिकेद्वारे आव्हान दिले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला, तर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो फिरवून सुधारणा वैध ठरवली.

न्यायालयापुढचा प्रश्न वैधतेचा होता आणि तो तेथे संपला. नियोजनाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो संपलेला नाही. २००१ चा बदल होताना, त्यामुळे किती एकर मैदान आणि किती घरे शहराला मिळणार नाहीत, त्या जमिनीवर येणाऱ्या कार्यालयांत रोज किती माणसे ये-जा करतील आणि ती कोणत्या स्थानकांतून व कोणत्या पुलांवरून जातील, हे सांगणारे पत्रक फेरबदलाच्या सूचनेसोबत जोडणे कायद्याने आवश्यक नव्हते, आणि आजही नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी गिरणगावातील तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेचा सगळा भार एका नियमावर टाकणे चुकीचे ठरेल; पुलाची जबाबदारी रेल्वेची, जमिनीच्या वापराची शासनाची, आणि या दोन यंत्रणांना एकाच हिशेबात बसवणारे कोणी नव्हते. पण नेमका हाच मुद्दा आहे. गिरण्यांच्या काळात बेतलेल्या स्थानकावर कार्यालयीन शहराची गर्दी आली, आणि ती येणार हे ज्या कागदावर आधी दिसायला हवे होते तो कागद कधी तयारच झाला नाही.

दुसरे उदाहरण ऑर यांच्या कोनाकडे परत नेणारे आहे. झोपडपट्टीवासी आणि प्रकल्पग्रस्त यांच्या पुनर्वसनाच्या इमारतींसाठी सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती सोडावयाची मोकळी जागा, सवलतीने कमी करण्यात आले. अन्यथा योजना आर्थिकदृष्ट्या उभी राहणार नाही, असे त्याचे समर्थन होते. गोवंडी परिसरातील नटवर पारेख कंपाउंडसारख्या वसाहतींत उंच इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटरचे अंतर राहिले. या वसाहतींचा जो अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला आणि ज्यात मुंबईच्या आयआयटीतील संशोधकही सहभागी होते, त्याने खालच्या मजल्यांवरील उजेड व वायुवीजनाचा अभाव आणि क्षयरोगाचे प्रमाण यांचा संबंध दाखवला. प्लेगनंतर जो नियम रोगाच्या भीतीने जन्मला, तोच शंभर वर्षांनी हिशेबाच्या सोयीसाठी सैल झाला आणि रोग परत आला. सवलत देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पक्के घर देणे हाच तो हेतू होता. चूक अशी झाली की सामासिक अंतर कशासाठी असते हे त्या सवलतीच्या कागदात कुठेच लिहिलेले नव्हते, त्यामुळे ते कमी करणे ही केवळ क्षेत्रफळाची बाब ठरली.

रुंद दरवाजा उघडतो तेव्हा काय घडते याचेही उदाहरण मुंबईपाशी आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात स्थानकांच्या परिसरात ८ पर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक सुचवला होता आणि नकाशांत विद्यमान वास्तूंवरून जाणारे रस्ते, न दाखवलेली वारसास्थळे अशा असंख्य चुका होत्या. ‘हमारा शहर विकास नियोजन अभियान’सारख्या गटांनी आधीपासूनच वस्त्यावस्त्यांत आराखड्याचे वाचन सुरू केले होते, पन्नास हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या, एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मसुदा नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला, महापालिकेच्या सभेने तो ३१ जुलै २०१७ रोजी संमत केला, शासनाने ८ मे २०१८ रोजी मंजुरी दिली आणि नवी विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाली. या विलंबाकडे अपयश म्हणून पाहिले गेले. वास्तविक तो या व्यवस्थेच्या इतिहासातील एक उजळ प्रसंग आहे. आपले घर नकाशावर शोधणाऱ्या माणसाने सर्वेक्षकाची चूक पकडली, आणि ती दुरुस्त झाली. तरीही याच आराखड्याचे नियम दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कलम ३७ च्या वाटेने बदलता येतात, आणि तेव्हा हा माणूस तिथे नसतो.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जातो. शहर वीस वर्षे थांबत नाही. उद्योग जातात, मेट्रो येते, इमारती पडतात, आणि ताठर आराखडा स्वतःच अन्याय करतो. आरक्षणाखाली गोठलेल्या जमिनीच्या मालकाला दिलासा देण्यासाठीच कलम १२७ आहे: दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊन, ठराविक मुदतीनंतर, आरक्षण व्यपगत झाल्याचा लाभ घेऊ शकतो. चाळीतील रहिवाशाला पुढच्या आराखड्याची वाट पाहायला सांगणे क्रूरपणाचे ठरेल. हा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे, आणि फेरबदलाची वाट बंद करावी अशी येथे मागणीही नाही. लवचिकता आणि हिशेब यांत विरोध नाही. बँक रोज कर्ज देते म्हणून तिला ताळेबंद मांडण्यातून सूट मिळत नाही. जितके फेरबदल अधिक, तितकी बेरजेची गरज अधिक.

हा हिशेब मांडला जात नाही यामागे एक आर्थिक कारणही आहे. जादा चटईक्षेत्र अधिमूल्य भरून मिळू लागल्यापासून आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करामुळे जकात संपल्यापासून, बांधकामाच्या परवानग्यांतून येणारा पैसा महापालिकेच्या उत्पन्नाचा महत्त्वाचा भाग झाला. महामारीच्या काळात दीपक पारेख समितीच्या शिफारशींच्या आधारे शासनाने २०२१ या वर्षापुरती अधिमूल्यात ५० टक्के सवलत दिली, ती बांधकाम व्यवसायाला चालना देण्यासाठी. चटईक्षेत्र हे अशा प्रकारे कधी तिजोरीचे साधन, कधी अर्थव्यवस्थेचे इंधन बनते, आणि मूळचा प्रश्न, म्हणजे या गल्लीत आणखी किती माणसांना पाणी, उजेड आणि रस्ता पुरेल, हा त्या चर्चेतून गळून पडतो. ज्या संस्थेला नियम सैल केल्याने उत्पन्न मिळते तिला तो आवळण्याची इच्छा होणे कठीण असते. म्हणून ही जबाबदारी इच्छेवर न सोडता पद्धतीत बांधून घ्यावी लागते.

अधिकाराचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगर नियोजन हा पहिलाच विषय ठेवला, पण महाराष्ट्रात अंतिम मंजुरी शासनाचीच राहिली, आणि वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या भागांत नियोजनाचा अधिकार महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, झोपडपट्टी पुनर्वसन क्षेत्रांत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे आहे. एका शहराचे अनेक नियोजक असतील तर कोणताही एक जण संपूर्ण बेरीज पाहत नाही. बदल वस्तीपर्यंत नेण्याची पद्धत दुसरीकडे आढळते. १९१६ मध्ये शहरव्यापी विभागनियम करणाऱ्या न्यूयॉर्कने १९७५ च्या सनद-दुरुस्तीनंतर विभागनकाशा बदलण्याच्या प्रस्तावांसाठी जी प्रक्रिया आखली, तिच्यात प्रस्ताव आधी मोहल्ल्याच्या मंडळाकडे जातो आणि त्याला मत देण्यासाठी ६० दिवस मिळतात. ते मत बंधनकारक नसते, आणि ती प्रक्रियाही निर्दोष नाही; परंतु तिच्यात बदल त्या वस्तीच्या दारापर्यंत जातो. राजपत्रातील सूचना मात्र नागरिकाने स्वतः शोधत यावे अशी अपेक्षा ठेवते.

यातून येणाऱ्या सुधारणा मोठ्या कायद्याची वाट पाहणाऱ्या नाहीत. प्रत्येक फेरबदलासोबत मूळ नियमाचे कारण काय होते, ते आता का लागू नाही आणि बदलाने पाणी, मलनिःसारण, रस्ते, शाळा व मोकळ्या जागा यांवर किती भार पडेल, याचे पत्रक जोडले जावे. आराखड्यात गृहीत धरलेली लोकसंख्या आणि फेरबदलांनी वाढलेली बांधकामक्षमता यांची विभागनिहाय बेरीज दरवर्षी सर्वसाधारण सभेपुढे ठेवली जावी. सवलतींना मुदत असावी, आणि मुदत संपताना त्यांचे प्रत्यक्ष परिणाम तपासूनच त्या पुढे चालू राहाव्यात. तसे असते तर गोवंडीतील ३ मीटरचे अंतर पहिल्या वसाहतीनंतरच प्रश्नांकित झाले असते. आणि सर्व दुरुस्त्यांसह अद्ययावत नियमावली मराठीत सहज उपलब्ध असावी. मंजूर नियमावलीचा मजकूर इंग्रजीत, दुरुस्त्या निरनिराळ्या अधिसूचनांत विखुरलेल्या, अशा स्थितीत ज्या चाळकऱ्याचे घर नियम ३३(७) वर अवलंबून आहे त्याला आपला हक्क दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो, आणि ते तोंड बहुधा विकासकाच्या प्रतिनिधीचे असते.

साडेत्रेसष्ट अंशांचा तो नियम आज जसाच्या तसा परत आणणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. दोन कोटींहून अधिक वस्ती असलेल्या महानगर प्रदेशाला उंच इमारती लागणारच. त्या नियमाकडून घेण्यासारखी गोष्ट कोनाचा आकडा नसून त्याची तपासता येण्याजोगी रचना आहे. एखाद्या तळमजल्यावरील रहिवाशाला भिंतीपाशी उभे राहून वर पाहता येत असे, आणि आकाश दिसले नाही तर नियम मोडला आहे हे त्याला ठामपणे म्हणता येत असे. नियम बदलणाऱ्यांनी त्या रहिवाशाला पुन्हा असे मोजमाप हाती दिले, तर शहराला वीस वर्षे पुढच्या आराखड्याची वाट पाहावी लागणार नाही. चूक होत असतानाच ती दिसेल, आणि ज्याच्या खोलीतला उजेड जाणार आहे तो माणूस उजेड जाण्याआधी बोलू शकेल.